धुरपताबाईचा बहिरा पाय

ढिवरटोलीत एक गोष्ट सगळे मानत. डोळे बांधून धुरपताबाईला बोडीत सोडलं, तरी पायाखाली काय आहे ते ती सांगेल. गोटा आहे, शिंपला आहे, की चिखलात दबून बसलेली मरळ आहे, ते तिच्या तळव्याला कळायचं. मरळीवर पाय पडायच्या आधीच ती थांबायची, वाकायची, आणि दोन्ही हातांनी मासोळी वर काढायची. बाकीच्या बायका बघत राहायच्या.

गोंदियाजवळच्या गोरेगावपासून आत, धानाच्या बांध्या ओलांडल्या की ही टोली लागते. पंचवीस-तीस घरं, सगळी ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची. मागं बोडी, म्हणजे लहान तलाव. बोडीत मासे आणि शिंगाडे. दिवाळीच्या सुमारास वेलावरचे शिंगाडे तोडतात, पण पिकून काळे झालेले बरेचसे देठ सोडून तळाला जातात आणि चिखलात रुततात. ते पायानं शोधायचे असतात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, तळवा हळूहळू चिखलावरून फिरवायचा, काटा लागला की बोटांत धरून वर घ्यायचा. हे काम धुरपताबाई वलथरे लहानपणापासून करत होती. तिची टोपली सगळ्यांच्या आधी भरायची.

मग एका वर्षी ती भरेना. दुसऱ्या वर्षी तर अर्धीही होईना.

"बोडीत काई रायलंच नाई," ती म्हणायला लागली. "कोनीतरी उपसून नेते."

कोणीतरी म्हणजे सुशिलाबाई. दोघींच्या वाट्याच्या जागा लागून होत्या आणि सुशिलाबाईची टोपली पहिल्यासारखीच भरत होती. धुरपताबाईनं काही दिवस दम धरला. मग एका सकाळी बोडीच्या पाळीवर, सगळ्या बायकांसमोर, तिनं सुशिलाबाईची टोपली धरली.

"माया हिश्शातले शिंगाडे होत हे. लाज नाई वाटत तुले?"

"माया पायानं काढले मी. तुले सापडत नाई तं मी काय करू?"

"मले सापडत नाई? मले?"

बायका मध्ये पडल्या म्हणून हात उचलला गेला नाही. पण त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. एकाच पाण्यात, दहा हातांवर उभ्या राहून, दोघी एकमेकींकडे पाठ करून शिंगाडे शोधायच्या.

दुखणं होतं ते धुरपताबाईच्या नवऱ्याचं. मनिरामची टाच दुखायची. सकाळी खाटेवरून उतरून पहिला पाय टेकवला की तो ओरडायचा. टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं म्हणायचा. जाळं घेऊन पाळीवर उभं राहणंही त्याला होईना. मेडिकलातल्या गोळ्या झाल्या, निरगुडीचा पाला बांधून झाला. शेवटी गोंदियात दिलेली त्यांची पोरगी दुर्गा फोनवर म्हणाली, "बाबा, इथं एक मॅडम आहेत. नुसते पाय तपासतात. कसे टेकता, कसे चालता, समदं पायते."

"पाय का तपासते?" मनिराम म्हणाला. "बैल घेताना पाय पायतेत. मानसाचे कोन पायते?"

पण टाच ऐकेना. पौषातल्या एका सकाळी नवराबायको एसटीनं गोंदियाला निघाले. धुरपताबाईला जायचं काही कारण नव्हतं. मनिराम एकटा दवाखान्यात गेला तर अर्धं सांगतो आणि अर्धं विसरतो, म्हणून ती सोबत गेली. स्टँडवर दुर्गा आली. तिघं ऑटोत बसले, बाजारातल्या एका इमारतीपाशी उतरले आणि जिना चढून वर गेले.

संध्या मॅडम तिशी-पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मनिरामच्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाचेची बाहेरची कड झिजली होती. मग त्याला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं, चवड्यांवर उभं केलं, पोटऱ्या दाबल्या. शेवटी एका जाड काचेवर उभं केलं. काचेच्या खाली उजेड होता आणि तिरपा आरसा. त्यात मनिरामला स्वतःचे तळवे दिसले, जिथं भार पडतो तिथं पांढरे, बाकी लाल.

"बापा रे!" तो म्हणाला. "एवढ्या उमरीत पयल्यांदा पायलो मी."

"काका, दुखते टाच, पण खोड पोटरीची आहे," मॅडम म्हणाल्या. "पोटरी आखडली की ती टाचेला ओढते." त्यांनी भिंतीला हात लावून पोटरी ताणायचा व्यायाम दाखवला आणि टाचेखाली मऊ गादी घालायला सांगितली. एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंसंच औषध, म्हणून मनिराम जरा नाराजच झाला.

तो काचेवरून उतरला तेव्हा मॅडमची नजर खाली गेली.

"काका, हलू नका. रक्त आहे."

पांढऱ्या फरशीवर लाल डाग होते. मॅडमनी मनिरामचा एक तळवा उचलला, दुसरा उचलला. काही नव्हतं. दुर्गानं आपले पाय पाहिले. मग तिनं डागांचा माग घेतला. ते दारातून आत येत होते आणि भिंतीकडच्या बाकाखाली थांबत होते. बाकावर तिची आई बसली होती.

"माय," दुर्गाचा आवाज चिरकला, "तुही चप्पल कोटी आहे?"

धुरपताबाईनं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता आणि त्याच्याखाली रक्ताचं लहानसं थारोळं झालं होतं.

"आता तं होती," ती म्हणाली.

दुर्गा धावत खाली गेली. चप्पल जिन्याजवळही नव्हती. ऑटो जिथं थांबला होता तिथं, रस्त्याच्या कडेला, ती एकटीच पडली होती. म्हणजे बाई तिथून एका पायानं अनवाणी चालत आली होती, अख्खा जिना चढली होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

मॅडमनी तिला पलंगावर घेतलं. तळव्यात बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा खोल. चिमट्यानं तो ओढून काढला तेव्हा मनिरामनं तोंड फिरवलं. दुर्गानं दात दाबून धरले. धुरपताबाई मात्र मान उंचावून, आपल्या पायात काय चाललंय ते शांतपणे बघत होती.

"दुखलं नाही, मावशी?"

"नाई जी." तिच्या आवाजात थोडा तोराच होता. "आमचे पाय टनक आहेत. चिखलातले पाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि कपाटातून एक दांडी काढली. तिच्या टोकाला बारीक तंगूस बसवला होता, मासे धरायच्या गळाला असतो तसाच. तो पाहून धुरपताबाईला गंमत वाटली.

"याने काय पकडता?"

"काही नाही. हा तुमच्या पायाला फक्त टेकवणार." त्यांनी आधी तिच्या मनगटावर टेकवून दाखवला. "असं लागेल. डोळे मिटा. जेव्हा जेव्हा कळेल, तेव्हा 'हो' म्हणा."

तिनं डोळे मिटले. खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

मॅडमनी तंगूस डाव्या अंगठ्याखाली टेकवला. तो धनुष्यासारखा वाकला. त्या थांबल्या. मग करंगळीखाली. मग चवड्याच्या मधोमध, पट्टी सोडून. मग टाचेला. प्रत्येक वेळी तंगूस वाकत होता आणि प्रत्येक वेळी धुरपताबाईचे ओठ मिटलेले होते. मनिराम आधी तंगुसाकडे बघत होता. मग तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. ती झोपलेली नव्हती. कपाळाला आठी घालून, लक्ष देऊन वाट बघत होती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सुरू करा ना जी."

मनिराम पुढं सरसावला. "अवं, लावून रायली ना ते कवाची!" तो ओरडला. मॅडमनी त्याला हातानं थांबवलं आणि उजवा पाय घेतला. उजव्या टाचेला एक "हो" आला. कमानीपाशी एक आला. चवड्याला नाही. डाव्या पायाचं पहिलं "हो" घोट्याच्या वर गेल्यावर मिळालं.

"उघडा डोळे."

धुरपताबाईनं डोळे उघडले. नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पोरगी ओढणीत तोंड खुपसून रडत होती.

"काय झालं वो? कायले रडून रायली?"

"पुऱ्या पायावर फिरवला तिनं," मनिराम म्हणाला. "तू बोललीच नाई."

"खोटं नोको बोलू."

"खोटं कायले बोलू मी?"

"आता करा," ती मॅडमना म्हणाली. "आता मी पायतो."

ती उठून बसली, डावा पाय स्वतःच्या हातांनी मांडीवर घेतला. मॅडमनी तंगूस टेकवला. तंगूस वाकला. तिनं पाहिलं. तळव्याची कातडी टोकाखाली दबली तेही पाहिलं. पुन्हा टेकवला, पुन्हा पाहिलं. मग तिनं मॅडमच्या हातातली दांडी घेतली आणि स्वतःच अंगठ्याला जोरानं टोचली. आणखी जोरानं. मॅडमनी हात धरला तेव्हा ती थांबली.

तिचं तोंड उघडं राहिलं होतं. मग जे बोलली ते भलतंच.

"मंग शिंगाडे होते?" तिनं नवऱ्याला विचारलं. "बोडीत होते शिंगाडे?"

मॅडमना आणि दुर्गाला काही उमजलं नाही. मनिरामला उमजलं. तो बाकावर बसला आणि त्यानं डोक्याला हात लावला. दोन वर्षं तिचा तळवा शिंगाड्यांवरून फिरत होता. काटे लागत होते. सांगणारं कोणी नव्हतं.

संध्या मॅडम घोट्याच्या आतल्या बाजूला बोटांनी चाचपत होत्या. तिथली नस जाड झाली होती, कातडीखाली दोरी सरकावी तशी. त्यांनी गुडघ्यामागं, मांडीवर पाहिलं. गुडघ्यामागं एक फिक्कट चट्टा होता. त्यावर कापूस फिरवला. तिथंही काही कळत नव्हतं.

"हा डाग कधीचा, मावशी?"

"मले तं दिसतच नाई तो. खाजत नाई, दुखत नाई."

"मी पायाचं हलणं, चालणं, दुखणं बघते," मॅडम सावकाश म्हणाल्या. "या रोगाचं नाव डॉक्टरनीच सांगायचं. पण घरी जाऊ नका. आत्ता सरकारी दवाखान्यात जा. मी फोन करते." आणि त्यांनी तिथंच, त्यांच्यासमोर फोन केला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. त्यांनी चट्टा पाहिला, दोन्ही पायांच्या नसा पाहिल्या, हात पाहिले, कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "बाई, हा कुष्ठरोग आहे."

मनिराम बायकोला खेटून बसला होता. तो शब्द ऐकला आणि तो सरकला. त्यानं ठरवून केलं नाही. अंगानंच केलं. दोघांच्या मध्ये बाकाची रिकामी फळी दिसायला लागली. धुरपताबाईनं त्या फळीकडे पाहिलं. मनिरामनंही पाहिलं.

डॉक्टर पुढं बोलत राहिले. औषध आहे, फुकट आहे, वर्षभर घ्यायचं. औषध सुरू झालं की दुसऱ्याला होण्याची भीती राहत नाही. वेगळी ताटवाटी नको, वेगळी खाट नको. घरच्यांनीही तपासून घ्यायचं. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या. "उजव्या पायाचं बरंच परत येईल. डाव्याचं मी सांगू शकत नाही. पण पाय वाचेल. फक्त रोज बघावा लागेल. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

"मंग बोडीत?" तिनं विचारलं.

"बोडीत तर मुळीच नाही."

येताना एसटी अर्धी रिकामी होती. धुरपताबाई खिडकीपाशी बसली. मनिराम पलीकडच्या बाकावर बसला. बाहेर राईस मिलांच्या चिमण्या गेल्या, कापलेल्या बांध्या गेल्या. तिनं एकदाही मान वळवली नाही. वाटेत कुठंतरी मनिराम उठला, दांड्याला धरून लंगडत आला आणि तिच्या शेजारी बसला. ती सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते टोलीत कोणाला सुचलं नसतं. दुर्गानं बजावून सांगितलं होतं, "माय, कोनाले सांगू नोको." आणि ही सकाळी उठून, दोन्ही पायांत चपला दोरीनं बांधून, थेट सुशिलाबाईच्या दारात गेली. सुशिलाबाई अंगणात चूल पेटवत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"शिंगाडे तू नाई नेले," धुरपताबाई उभ्या उभ्या म्हणाली. "माया पायाले कळत नोतं. मले महारोग झाला आहे."

सुशिलाबाईच्या हातातली काडी विझली. ती उठून दोन पावलं मागं गेली, पदर नाकाला लावला. मग तिलाच ते कसंतरी वाटलं असावं.

"काईच्या काई बोलते," ती म्हणाली. "तुया पायाले कळत नाई? तुया?"

"पाय ना मंग."

धुरपताबाई ओट्यावर बसली आणि डावी चप्पल सोडली. सुशिलाबाईनं पाय लांबूनच पाहिला. मग आत जाऊन सुपातला एक वाळलेला काळा शिंगाडा घेऊन आली. त्याचे काटे अजून तसेच होते. हात लांब करून तिनं काट्याचं टोक धुरपताबाईच्या अंगठ्याला लावलं, हळू. वर पाहिलं. जरा जोरानं लावलं. धुरपताबाई तिच्याकडे बघत होती, पापणीही न हलवता.

सुशिलाबाईनं शिंगाडा भिरकावला आणि ती मटकन खाली बसली.

"काय झालं वो हे," ती म्हणत राहिली. "काय झालं हे तुले, बाई."

गोष्ट दुपारपर्यंत टोलीभर झाली. काही घरांनी दारं लावली. काहीजण म्हणाले, आता बोडीचं पाणी कोण पिणार. धुरपताबाई पाण्यात उतरणारच नाही हे कळेपर्यंत कुरबुर चालली. मग आरोग्यवाले आले, सगळ्यांची अंगं तपासायला. लोक घरात दडून बसले. पहिली बाहेर आली ती सुशिलाबाई. तिनं साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि म्हणाली, "पाया. माया पायबी पाया." तिच्यामागून बाकीच्या आल्या. मनिरामला काही निघालं नाही. गोंदियात तपासून घेतलेल्या दुर्गालाही नाही.

मनिराम बदलला तो या दिवसांत. पाय रोज बघायचा होता, आणि धुरपताबाईला स्वतःचा अख्खा तळवा नीट दिसत नव्हता. पहिल्या दिवशी तिनं आरसा घेतला, तो हातातून निसटला. मनिरामनं तो उचलून बाजूला ठेवला आणि तिचा पाय धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं बायकोच्या पायाला हात लावला नव्हता. तिनं पाय ओढून घेतला.

"काय करून रायले जी? लोक पायतीन."

"पाऊ दे."

तेव्हापासून रोज, दिवस मावळायच्या आधी, अंगणात उजेड आहे तोवर, तो घमेल्यात पाणी घ्यायचा. तिचे पाय भिजवायचा, कोरडे करायचा, तेल लावायचा, चष्मा लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघायचा. कुठं फोड, कुठं भेग, कुठं लाल झालंय.

एका संध्याकाळी त्याची मोठी बहीण बायजाबाई आली. अंगणाच्या तोंडाशीच ती थिजली. भाऊ जमिनीवर बसलेला, भावजय खाटेवर, आणि तिचा पाय भावाच्या मांडीत.

"मन्या!" ती ओरडली. "बायकोचे पाय धरून रायला? भर अंगनात?"

मनिरामनं मान वर केली नाही. "बस बाई. इथं एक भेग दिसून रायली, थांब जरासा."

बायजाबाई बसली नाही. पाणीही प्यायली नाही. आल्या पावली गेली, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेली. महिना गेला आणि ती पुन्हा आली. तिच्या मागं तिची सून होती. सुनेच्या दंडावर एक फिक्कट डाग होता.

"दुखत नाई म्हणते," बायजाबाई दाराशीच म्हणाली. "खाजतबी नाई म्हणते."

धुरपताबाईनं चपलांचे पट्टे लावले. "चाल," ती सुनेला म्हणाली. "मी येतो सोबत. कायले भेतेस?" त्याच दुपारच्या गाडीनं दोघी गोंदियाला गेल्या. डाग लहान होता, नसा चांगल्या होत्या. त्या दिवशी दोघी परत येईपर्यंत बायजाबाई मनिरामच्या अंगणात बसून होती, आणि तिनं दोनदा मागून पाणी घेतलं.

दिवाळी आली. धुरपताबाईच्या उजव्या पायाला बरंच कळायला लागलं होतं. डावा होता तसाच राहिला. बोडीत वेलांवर शिंगाडे धरले होते. पाळीवर उभं राहून बघणं तिला सहन होईना, म्हणून तिनं डोंगा मागितला, लाकूड कोरून केलेली लहान होडी. डोंग्यात बसून, हातानं वेल उलटवून तोडणी करता येते. पण तोवर ती डोंग्यात कधी बसलीच नव्हती. डोंग्यात पुरुषमाणसं बसतात नाहीतर आळशी, असं ती म्हणायची.

रबरी बूट घालून ती डोंग्यात बसली आणि बांबू रेटला. डोंगा पुढं जायचा सोडून जागच्या जागी फिरला. तिनं दुसऱ्या बाजूनं रेटला, तो उलटा फिरला. कमरेइतक्या पाण्यातल्या बायका आधी नुसत्या बघत होत्या. मग सुशिलाबाईच्या तोंडून हसू निसटलं, आणि सगळ्याच सुटल्या.

"हसता कायले वो!" धुरपताबाई डोंग्यातून ओरडली. "थांबा, शिकू द्या मले. मंग पायतो एकेकीले!"

डोंगा तिला घेऊन वेलांत शिरला आणि अडकला. सुशिलाबाई पाणी कापत गेली आणि तिनं दोन्ही हातांनी तो मोकळा केला.